प्रार्थनेला दिलेली गोष्ट

मंगळवार, ४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे एकतर तुझा राग उतरलाय, नाहीतर तुला वाटलं कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. हे ठीक आहेत, मी आहे, चर्चची मंडळी आहे तशीच आहे, आणि हेडमास्तर तर शंभरी गाठणार असं दिसतंय. उत्तर पाठवू नकोस. फोन तर मुळीच करू नकोस. पाळकाच्या घरातला फोन म्हणजे सार्वजनिक नळ, कोणीही येऊन उचलतं.

मी एक भानगड करून बसलेय आणि ती सांगायला इथे मला माणूस नाही. पाळकाच्या बायकोने सगळ्यांचं ऐकायचं असतं. तिचं ऐकायला कोणाला नेमलेलं नसतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, टायरवाल्याच्या शेजारी, एक दुसरं चर्च, दुसरी मंडळी आहे. तिथे दर मंगळवारी संध्याकाळी एक गट भरतो. दारू सोडू पाहणारे, राग न आवरणारे, दुःख गिळून गिळून आजारी पडलेले, असे सगळे येतात. आधी गाणं, मग वचन, मग बायका एका खोलीत आणि पुरुष दुसऱ्या खोलीत गोल बसतात आणि ज्याचं त्याने सांगायचं. आज मी गेले होते. आमच्या मंडळीतली एक मुलगी एकटी जायला घाबरत होती, तिला सोबत म्हणून.

हे खोटं आहे. मुलगी-बिलगी कोणी नाही. बघ, तुला लिहितानासुद्धा माझ्या हातून आधी खोटंच उतरतं, इतकी सवय झालीय.

झोपेच्या गोळ्या, ताई. पिशवीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिल्या, थोडे दिवस घ्या म्हणाले. ते थोडे दिवस अजून संपायचेत. आता तर झोपेसाठी नाही, दिवसासाठी घेते. दारावरची बेल वाजली की छातीत धडधडतं, म्हणून एक. उपासनेत कीबोर्डवर बसायचं असतं, म्हणून एक. एका दवाखान्यात पाठदुखी सांगते, दुसऱ्यात सासूबाई वारल्याचं सांगते. सासूबाईंना जाऊन किती काळ लोटला ते तुला ठाऊक आहे. मी त्यांना दर महिन्याला नव्याने मारते.

ह्यांना यातलं काही ठाऊक नाही आणि होऊन चालणारही नाही. पाळकाचं घर शिस्तीत असलं पाहिजे, हे हेडमास्तरांचं आवडतं वाक्य, आणि पंचांचे ते प्रमुख. घर मंडळीचं, पगार मंडळीचा, भिंतीवरचं घड्याळसुद्धा मंडळीने दिलेलं. पंचांनी मनात आणलं तर ह्यांना राजीनामा द्यायला लावतील, आणि त्याआधी एखाद्या रविवारी मंडळीतून काढलं म्हणून सगळ्यांसमोर माझं नाव वाचतील. नवऱ्याचं घर सोडलंस म्हणून तुझं वाचलं तसं. पंचांनी लिहून दिलं आणि ह्यांनी वाचलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज धीर नाही.

हसू नकोस. किंवा हस. तू हसलेलं मला चालेल.

तुझी धाकटी


बुधवार, १९ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. बरं झालं. मी काही पोस्टमनची वाट बघत बसत नाही. त्याचा रस्ताच आमच्या दुकानावरून जातो, एवढंच.

मी पुन्हा गेले, आणि काल परत गेले. ह्यांना सांगितलंय की मंगळवारी दुकानात जादा काम असतं. दुकान म्हणजे तेच, ड्रायक्लीनरचं. मागच्या खोलीत बसून मी चेन बदलते, पँटची उंची कमी करते आणि सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवून जागा करून देते. ह्यांनी 'हं' म्हटलं. ह्यांचं 'हं' म्हणजे ऐकलं असं नव्हे, आवाज आला एवढंच.

तिथले नियम ऐक, तुला आवडतील. कोणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. 'माझ्या नणंदेचंही अगदी असंच झालं होतं' असं तर चुकूनही म्हणायचं नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवून जायचं. आणि कोणी रडायला लागलं तर रुमाल पुढे करायचा नाही! मला हे फार दुष्टपणाचं वाटलं. मी जन्मभर पर्समध्ये दुसऱ्यांसाठी रुमाल घेऊन हिंडलेली बाई. पण सुईणबाई म्हणाल्या, "रुमाल दिला की माणसाला वाटतं, आता पुरे झालं. आपण डोळे पुसत नसतो गं, तोंड बंद करत असतो."

सुईणबाई आमच्या खोलीच्या प्रमुख. अर्ध्या गावाला त्यांनी जगात आणलंय आणि मधली काही वर्षं स्वतः बाटलीत काढलीयत. दोन्ही गोष्टी त्या सारख्याच आवाजात सांगतात. नाव सांगायची सक्ती नाही, म्हणून मी म्हटलं, मला काहीही म्हणा. तेव्हापासून मी 'नवी'. माझ्यानंतर अजून दोघी आल्या तरी नवी मीच.

सल्ला द्यायचा नाही, पण एक गोष्ट सुईणबाईंनी मला निक्षून सांगितली, गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरकडे जाऊन खरं सांगायचं. गेले. खरं सांगितलं. डॉक्टर काही ओरडले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. आता ते हळूहळू कमी करतायत आणि मी हळूहळू वेडी होतेय. सुईत दोरा जाता जात नाही. परवा मी एका गृहस्थांच्या पँटचा पाय खालून शिवून बंद करून टाकला. मालकीणबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "यात त्यांनी पाय घालायचा की बटाटे भरायचे?" मी हसले आणि मागे जाऊन रडले.

काल गोलात बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं की मी पाळकाची बायको आहे. कुठल्या मंडळीची ते नाही सांगितलं. मग सुईणबाई जाताना हळूच म्हणाल्या, "तुला प्रार्थनेला घालू का? नाव नाही घेणार." मी मान हलवली. हो म्हणून हलवली की रडू दाबायला, ते माझं मलाच सांगता येणार नाही. तेव्हापासून दारावर कोण आलंय ते खिडकीतून बघून मगच उघडते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तुझी धाकटी


गुरुवार, २७ मार्च

ताई,

झालं. जे व्हायचं ते झालं आणि कोणाला कळलंही नाही. म्हणजे कळलं सगळ्यांना, पण मी सोडून दुसरीचंच.

ह्यांच्या फोनवर प्रार्थना-साखळी येते. गावातल्या सगळ्या मंडळ्यांची मिळून एकच. कोणाचं ऑपरेशन, कोणाची नोकरी, कोणाचा मुलगा घर सोडून गेलेला. एकीने कळवलं की सगळीकडे त्यासाठी प्रार्थना होते. नाव नको असेल तर घालत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! वर्षानुवर्षं मीच त्या प्रार्थनांच्या आधी गाणं वाजवतेय. पण सुईणबाई 'प्रार्थनेला घालू' म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, त्या आपल्या घरी गुडघे टेकून करतील.

काल प्रार्थनासभेत ह्यांनी वाचलं, "एका सेवकाची पत्नी. झोपेच्या गोळ्यांच्या बंधनात. घरात कोणालाही ठाऊक नाही. सुटकेसाठी प्रार्थना करावी." माझं बोट कीबोर्डच्या एका पट्टीवर पडलं आणि तो सूर तसाच वाजत राहिला. हे वळून म्हणाले, "अगं, बंद कर ते."

मग ह्यांनी प्रार्थना केली. ताई, काय सांगू तुला! ह्यांच्या प्रार्थना तुला माहीत आहेत, लांबच लांब, सगळं जग फिरून येणाऱ्या. पण काल आवाज उतरला. म्हणाले, "प्रभू, ही बाई सगळ्यांना दार उघडत असेल. सगळ्यांना चहा देत असेल. तिला कोणी बस म्हणत नसेल. तू म्हण." इतक्या वर्षांत हे माझ्याशी या आवाजात बोललेले नाहीत. मला त्या बाईचा हेवा वाटला. माझा मलाच हेवा!

सभा सुटली आणि खजिनदारांच्या बायकोने लगेच बोटांवर मोजायला घेतलं. गावात पाळकिणी आहेत तरी किती? ही तर नाही, ती म्हातारी आहे, ही आपली तर इथेच बसलीय, देवमाणूस. फिरत फिरत सुई पुलापलीकडच्या पाळकीणबाईंवर आली. डोळे कायम जड. उपासनेत डुलक्या काढते. वजन उतरलंय. झालं, ठरलंच.

घरी येताना हे म्हणाले, "तो पाळक कोण असेल तो असो, पण आंधळाच म्हणायचा. एका छपराखाली राहून कळत नाही?"

मी म्हटलं, "कामात असतील."

"काम कोणाला नसतं?" म्हणाले आणि कुलूप उघडून आधी आत गेले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ठीक आहे. पण कळशाने आपणहून बोलायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

तुझी धाकटी


शनिवार, ५ एप्रिल

ताई,

आज त्या दुकानात आल्या. पुलापलीकडच्या. मला वाटलं मला शोधत आल्या. पण त्यांना काळा स्कर्ट कमरेत घट्ट करून हवा होता, बस्स.

मी टेप घेऊन त्यांच्याभोवती फिरत होते, तोंडात टाचण्या, आणि त्या आपणहून बोलायला लागल्या. पाळकाच्या बायकोला दुसऱ्या पाळकाची बायको भेटली की असंच होतं, माहेरचं माणूस भेटल्यासारखं. म्हणाल्या, "माझ्याबद्दल ऐकलं असेल ना तुम्ही? मी गोळ्या घेत नाही हो. सासूबाईंना विसराळूपणाचा आजार आहे, रात्रभर हाका मारतात, म्हणून मला दिवसा डुलकी लागते."

मी 'हूं' केलं. टाचण्या होत्या ना.

"खरं सांगू? पहिले दोन-चार दिवस बरं वाटलं मला. बायका घरी आल्या, कशी आहेस म्हणून विचारलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. मग एकीने औषधांचं कपाट उघडून पाहिलं. मग रविवारच्या शाळेतली मुलं काढून घेतली माझ्याकडून. म्हणाले, थोडे दिवस आराम करा. मी शपथेवर सांगितलं की ती मी नव्हे. तर म्हणाल्या, कबूल करणं हीच तर पहिली पायरी असते!"

आणि त्या हसल्या, ताई. हसता हसता कंबर हलली आणि माझी टाचणी त्यांना टोचली. रक्ताचा ठिपका आला. सॉरी त्याच म्हणाल्या.

जाताना म्हणाल्या, "जी कोणी असेल ती, देव तिचं भलं करो. पण माझी मुलं मला परत हवीयत."

तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी काही बोलले नाही. टाचण्या काढता येतात, हे मलाही कळतं.

तुझी धाकटी


मंगळवार, ८ एप्रिल

ताई,

घाईत लिहितेय. आज गटात सगळं सांगितलं. सुईणबाई पांढऱ्याफटक पडल्या. "मी प्रार्थनेला दिलं होतं गं, गप्पांना नाही," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. कोणी रुमाल दिला नाही. मला वाटलं होतं मी चिडेन, पण चिडायला माणूस तरी वाईट हवा. त्या म्हणाल्या, साखळीवर कळवते की ती बाई पुलापलीकडची नव्हे. मी म्हटलं, नको. मग दुसरी धरतील, मग तिसरी. एकेकीला वगळत शेवटी माझ्याच दारात येणार, फक्त तोवर चार घरं होरपळून.

ह्यांना सांगायचं ठरवून घरी आले. हे उद्याच्या सभेची तयारी करत होते. मी चहा ठेवला. म्हटलं, "अहो, एक बोलायचं होतं." म्हणाले, "हं." मी म्हटलं, "साखर संपलीय."

साखर आहे, ताई. डबा भरलेला आहे. उद्या सगळ्या मंडळ्यांची एकत्र सभा आमच्याकडेच आहे आणि पुलापलीकडच्याही येणार आहेत.

तुझी धाकटी


गुरुवार, १० एप्रिल

ताई,

हे मी तुला सांगायला हवं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचायच्या आत.

सभागृह भरलं होतं. पुलापलीकडच्या पाळकीणबाई मधल्या रांगेत बसल्या होत्या, मी घट्ट केलेला स्कर्ट घालून. खजिनदारांची बायको मुद्दाम त्यांच्या मागे. ह्यांनी फोनवरून विनंत्या वाचल्या, मग म्हणाले, त्या सेवकाच्या पत्नीसाठी आपण प्रार्थना चालू ठेवूया, डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. खजिनदारांच्या बायकोने पुढे वाकून त्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. जोरात, सगळ्यांना कळेल असा. आणि त्या बाईंनी अंग चोरलं, ताई, लहान मूल मार चुकवतं तसं.

माझ्या तोंडून निघालं, "नाव घालून करा."

ह्यांनी डोळे उघडले. "अगं, नाव आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "माझं घाला."

मी ठरवून उभी राहिले असं सांगायला मला आवडेल. मी उभी राहिलेच नव्हते. कीबोर्डच्या मागे बसून, त्याला दोन्ही हातांनी धरून बोलले. आवाज असा निघाला की मलाच ओळखू येईना. हेडमास्तरांनी घसा खाकरला. खजिनदारांच्या बायकोचा हात तिथेच राहिला, घ्यावा की ठेवावा तिला कळेना.

आणि हे. ताई, या माणसाची प्रार्थना संपेपर्यंत लोकांच्या गुडघ्यांना मुंग्या येतात. याला शब्द कधी कमी पडलेले मी पाहिले नाहीत, तुझ्या वेळीसुद्धा नाहीत. हे म्हणाले, "प्रभू," आणि थांबले. मग माझं नाव घेतलं. घरात 'अगं'शिवाय काही म्हणत नाहीत ते. पुन्हा नाव घेतलं. पुढे काहीतरी येईल म्हणून सगळे डोळे मिटून वाट बघत राहिले. काही आलं नाही. हे व्यासपीठाच्या पायरीवर खाली बसले, कोटासकट, तोंड हातांत घेऊन.

आमेन म्हणायला कोणी धजेना. मग मधल्या रांगेतून मोठ्याने 'आमेन' आलं. पुलापलीकडच्या बाई होत्या. खांद्यावरचा हात त्यांनी कधी झटकला कोण जाणे. सभा मोडल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता ही बाई माझ्या मुस्कटात मारणार, आणि मारली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं. त्या म्हणाल्या, "स्कर्ट घट्ट करताना सांगितलं असतंत तर?" मी म्हटलं, "चुकलं माझं." म्हणाल्या, "चुकलंच." मग माझ्या शेजारी बसून राहिल्या, लोक जाईपर्यंत.

घरी आल्यावर हे स्वयंपाकघरात उभेच राहिले. म्हणाले, "मी त्याला आंधळा म्हणालो होतो."

"हो."

"तू तेव्हा काहीच बोलली नाहीस."

"म्हटलं होतं ना, कामात असतील."

यावर हसायला हवं होतं. आम्ही दोघंही हसलो नाही. सगळं विचारलं त्यांनी. कधीपासून, कोणाकडून, किती. मी सगळं सांगितलं, सासूबाईंना मारायचे तेही. त्यावर त्यांचा चेहरा बघवेना. मग, मी तुझा विषय काढलेला नसताना, म्हणाले, "तुझ्या बहिणीचं नाव वाचलं ना मी, त्याआधी पाणी प्यायलो होतो. आवाज नीट लागावा म्हणून." आणि मग, "तिला कळवलंस का?" मी सांगितलं, पत्रं लिहितेय. "काही म्हणाली?" नाही म्हटलं.

तुझ्या वतीने मी त्यांना माफ केलेलं नाही. तो माझा अधिकार नाही. फक्त ते जे बोलले ते तुला कळावं.

आज दुपारी हेडमास्तर येऊन गेले. उंबऱ्यातच उभे राहिले. रविवारी उपासनेनंतर पंच बसणार. घराचं आणि ह्यांच्या नोकरीचं काय करायचं ते तेव्हा ठरेल, आणि माझं नाव वाचायचं की नाही तेही. ह्यांनी त्यांना सांगितलं, मी वाचणार नाही. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "वाचणारे पुष्कळ आहेत." खरंच आहे ते.

गोळ्या अजून सुरू आहेत, कमी कमी होत. हात थरथरतोय, अक्षरावरून दिसतच असेल तुला. आजही बेल वाजली की आधी कपाटाकडे बघते, मग दाराकडे. पुलापलीकडच्या बाईंना त्यांची मुलं परत मिळाली, निरोप आला. एवढं एक नीट झालं. बाकीचं काय होईल मला माहीत नाही आणि माझी भीतीने गाळण उडालीय, हे मी तुला सरळ सांगते, विनोद न करता.

रविवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे. नाव वाचलं तर ऐकणार आहे. तुझं वाचलं तेव्हा तू बाहेर फाटकापाशी एकटी उभी होतीस आणि मी आत कीबोर्डवर होते. तुला कसं वाटलं असेल ते मी आजवर कधी विचारलं नाही. मला ते आता विचारायचंय, आणि पत्रातून नाही.

उत्तर पाठवू नकोस, फोन करू नकोस, असं मी सुरुवातीलाच लिहिलं. ते सगळं खोटं होतं. शनिवारी संध्याकाळची बस आहे. त्या सभागृहात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी तू शपथ घेतलीयस, ठाऊक आहे मला. आत येऊ नकोस. फाटकापर्यंत ये.

ये, ताई.

तुझी धाकटी